सीमोल्लंघन: टॅम्पिनीस ते राउब

दसऱ्याला सीमा ओलांडून जावं आणि सोनं घेऊन परत यावं, ही आपली जुनी रीत. सिंगापुरात ती पाळायला अवघड काहीच नाही. देश एवढासा आहे की गॅसवर दूध ठेवून निघालं तर ते उतू जायच्या आत सीमा लागते. वेळ जातो तो सीमेवरच्या रांगेत. पण आम्ही टॅम्पिनीसचे मराठी लोक गेली कित्येक वर्षं सीमा वगैरे न ओलांडता ब्लॉकखालच्या हॉलमध्ये जमतो आणि सोनेरी कार्डपेपरची पानं एकमेकांच्या हातात ठेवतो. खरी पानं का नाहीत, तर इथे बागेतल्या झाडाचं पान तोडणं हा गुन्हा आहे. एका वर्षी आमच्या दातारांनी तो करून पाहिला. बागेच्या माळ्याने मोबाइलवर त्यांचा फोटो काढला, आणि तेव्हापासून कार्डपेपर.

दातार म्हणजे आमच्या मंडळाचे प्रवासप्रमुख. हे पद त्यांना कोणी दिलेलं नाही आणि काढून घ्यायची हिंमतही कोणाला झालेली नाही. यंदा त्यांनी जाहीर केलं की खरं सीमोल्लंघन करायचं आणि खरं सोनं आणायचं. मलेशियात पाहांग नावाचं राज्य आहे, तिथे राउब हे गाव. इंग्रजांच्या काळात तिथे सोन्याच्या खाणी निघाल्या आणि ऑस्ट्रेलियापासून चीनपर्यंतची माणसं जंगल तुडवत तिकडे धावली. त्या वाटेवरची प्रेक्षणीय स्थळं आणि निसर्ग आपण पाहायचा, असं दातारांचं म्हणणं. निसर्ग म्हणजे नक्की काय, असं विचारल्यावर ते म्हणाले, "ताई, जिथे फूटपाथ नाही तो निसर्ग." सिंगापुरात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला ही व्याख्या मान्य करावीच लागते.

दसरा गुरुवारी होता. शुक्रवारी इथल्या, ऑक्टोबरातल्या बालदिनाची धाकट्या मुलांच्या शाळेला सुट्टी होती आणि गुरुवारी सगळ्यांच्या मुलांना एकदम बारीक ताप आला. माझे यजमान मिलिंद यांच्यासकट सगळ्या नोकरदारांनी दोन दिवसांची रजा टाकली. आमच्या बसमध्ये रजा टाकावी न लागलेला एकच माणूस होता, शिरीष.

शिरीष आणि अनघा आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. आमच्यासारखे पुण्याचेच, त्यामुळे भांडायला हक्काचे. त्यांच्या कुकरच्या शिट्या मी मोजते आणि आमच्या फोडणीला ते खोकतात. शिरीषच्या कंपनीने अख्खा विभागच बंद केला होता आणि त्याचा नोटिशीचा महिना चालू होता. महिना संपला की कामाचा पास, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपणार, आणि अनघाचा नि दहा वर्षांच्या इराचा पास त्याच्याच पासला लटकलेला. नवी नोकरी मिळाली तर तिघं राहणार, नाही तर तिघांनी सामान बांधायचं. आंग मो किओतल्या एका कंपनीत त्याच्या सगळ्या मुलाखती पार पडल्या होत्या. "शुक्रवारी संध्याकाळपर्यंत फोन करतो," असं त्यांनी सांगितलं होतं. घरात बसून फोनकडे बघत राहण्यापेक्षा बसमध्ये बसून बघ, म्हणून अनघाने त्याला ओढून आणला. हे सगळं बसमधल्या प्रत्येकाला माहीत होतं आणि प्रत्येकजण माहीत नसल्यासारखा वागत होता. आपली माणसं हे काम फार वाईट करतात.

पहाटे वुडलँड्सच्या पुलावर पोचलो तर अर्धं सिंगापूर आमच्याआधी सीमोल्लंघनाला निघालेलं. त्यांना दसऱ्याशी घेणं नव्हतं. पलीकडे पेट्रोल आणि मासळी स्वस्त मिळते एवढंच त्यांचं सोनं. दातारांनी रांगेतच माइक हातात घेतला आणि रघुराजाच्या काळापासून सुरुवात केली. पलीकडच्या काठावरचं जोहोर येईपर्यंत कौत्स आला, कुबेराने आपट्यावर सोन्याच्या मोहरा पाडल्या, आणि इराने मागून विचारलं, "अंकल, दॅट मनी गॉट टॅक्स ऑर नॉट, हं?" त्यावर दातारांनी माइक खाली ठेवला आणि पुढचा तासभर ते हिशेब करत बसले.

तो तास आणि पुढचे कैक तास खिडकीबाहेर ताडासारखी दिसणारी तेलाची पामझाडं होती. एक रांग संपली की दुसरी. पहिल्या दहा मिनिटांत सगळ्यांनी "काय हिरवंगार आहे!" म्हणून घेतलं आणि नंतर पुऱ्यांचे डबे उघडले. सोन्यामागे धावलेल्या लोकांना इथे वाघ आणि मलेरिया भेटला होता. आम्हाला टोलनाके भेटले. अनघाने सणाचं म्हणून श्रीखंड आणलं होतं, ते बर्फाचा डबा बसच्या इंजिनावर ठेवल्यामुळे राउब यायच्या आधीच पीयूष झालं. ते आम्ही कागदी पेल्यांतून प्यालो आणि बरं लागतंय म्हणालो.

राउबला आम्हाला आझमान नावाचा वाटाड्या भेटला. पन्नाशीचा, शांत, आणि डोक्यावर कशाचीही जाहिरात नसलेली टोपी. आधी जेवण, असं त्याने ठरवलेलं होतं. या भागाची खासियत म्हणजे तेम्पोयाक (आंबवलेला दुरियन) घालून केलेलं माशाचं कालवण. दुरियन हे फळ सिंगापूरच्या मेट्रोत न्यायला बंदी आहे, यावरून त्याच्या वासाचा अंदाज करा, आणि आता ते फळ आंबवलंय अशी कल्पना करा. शाकाहारी मंडळींनी भात आणि काकडी खाल्ली आणि दातारांनी काकडीही हुंगून घेतली. मी मात्र ते कालवण जेवले. पहिल्या घासाला नको झालं, दुसऱ्याला जरा बरं वाटलं आणि तिसऱ्याला मी मिलिंदची वाटी ओढली. शिरीषने काय खाल्लं ते त्यालाही आठवणार नाही. फोन त्याने ताटाशेजारी लोणच्याच्या जागी ठेवला होता.

जेवण झाल्यावर आम्ही सुवर्णमार्गावरचं पहिलं प्रेक्षणीय स्थळ पाहिलं. ते एक कुंपण होतं. कुंपणापलीकडे गवत होतं, गवतापलीकडे पाणी साठलेला खड्डा असावा असं आझमान म्हणाला, पण तो दिसत नव्हता. जुनी खाण ती हीच. आम्ही सगळ्यांनी कुंपणासमोर उभं राहून फोटो काढले. हेच पाहायला कोणी टॅम्पिनीसमध्ये म्युनिसिपालिटीने खोदलेल्या खड्ड्यापाशी बोलावलं असतं तर आम्ही तक्रार केली असती.

"इथे आलेल्या लोकांचं पुढे काय झालं?" मी विचारलं.

"ज्यांना सोनं मिळालं ते निघून गेले," आझमान म्हणाला. "ज्यांना नाही मिळालं ते इथेच राहिले. रिकाम्या हाताने घरी कसं जाणार? तोंड कुठे होतं दाखवायला!"

"आमच्याकडे उलटं आहे," शिरीष फोनवरून नजर न काढता म्हणाला. "ज्याला मिळत नाही, त्याला राहू देत नाहीत."

आझमानला सांगितलेलं कळलं की नाही, माहीत नाही. आमच्यातल्या ज्यांना कळलं, त्यांनी एकदम त्या गवताचं कौतुक सुरू केलं.

खाणीत कामाला आलेल्या चिनी माणसांची वस्ती जवळच आहे. बैठी लाकडी घरं, पुढे कुंड्या, दारात लाल देव्हारा आणि उन्हात वाळत घातलेल्या चपला. आम्ही पायी चाललो होतो. एवढ्यात दातार थबकले आणि आरोळी ठोकल्यासारखे म्हणाले, "आपटा!"

एका घराच्या कोपऱ्यावर खरंच एक झाड होतं. तेच दोन पाकळ्यांचं पान, मधून दुमडावं असं. मिलिंद माझ्या कानात म्हणाला, "हा कांचन आहे, आपटा नाही." मी त्याला गप्प बसवलं. मंडईत तरी आपण आयुष्यभर दुसरं काय घेत आलो? आझमान म्हणाला की याला इकडे तापाक कुडा (घोड्याची टाप) म्हणतात. तो आणखी काही सांगणार होता, पण ऐकायला कोणी उरलं नव्हतं. सिंगापुरात गवतावर पाय ठेवताना फलक शोधणारी ही माणसं. मोठमोठ्या बँकांचे संगणक सांभाळणारे, शिंक आली तर माफी मागणारे. ती सगळी पैठण्या आणि झब्बे सावरत त्या झाडावर तुटून पडली. सोनं लुटायचं असतं, मागायचं नसतं, हे शाळेत शिकलेलं असं कामी आलं. दातारांनी तर बरोबर पोतंच आणलं होतं, शनिवारच्या मंडळाच्या कार्यक्रमासाठी. आमच्याकडे सगळे सण शेवटी शनिवारीच येतात.

घराचं दार उघडून एक म्हातारी चिनी बाई बाहेर आली. फुलाफुलांचा पायजमा आणि हातात पंखा. झाड अर्धं बोडकं झालं होतं. क्षणात सगळे जिथल्या तिथे गोठले, आणि दातारांनी पोतं पाठीमागे घेतलं.

"खायला?" तिने मोडक्या इंग्रजीत विचारलं.

"नाही आंटी," अनघा पुढे झाली. "आमच्यात आज हे सोनं असतं. सोनं म्हणून एकमेकांना द्यायचं."

बाई झाडाकडे बघत राहिली, मग आमच्याकडे, मग खो खो हसत सुटली. "माझा सासरा जन्मभर तिकडे खणत होता," ती खाणीच्या दिशेने पंखा दाखवत म्हणाली. "दारातच होतं हे त्याला कोणी सांगितलं नाही ला!" (वाक्याच्या शेवटी "ला" लावणं ही इकडची पद्धत.) मग तिने आतून कात्री आणून दिली. हाताने ओरबाडू नका, फांदी छाटा, नाही तरी मला ते छाटायचंच होतं, म्हणाली. अनघाने तिच्या हातावर एक पान ठेवून तिला वाकून नमस्कार केला. बाईने ते पान देव्हाऱ्यासमोर नेऊन ठेवलं.

संध्याकाळी हॉटेलच्या व्हरांड्यात आम्ही दसरा साजरा केला. लहानांनी मोठ्यांना पानं दिली, मोठ्यांनी आशीर्वाद दिले. इराने सगळ्यांना "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा" म्हटलं. तिला येणाऱ्या चार-पाच मराठी वाक्यांतलं ते एक. शिरीष वाकून दातारांच्या पाया पडला तेव्हा दातारांनी त्याच्या डोक्यावर नेहमीपेक्षा जास्त वेळ हात ठेवला. ते बघवेना म्हणून बायका आत निघून गेल्या.

शुक्रवारी सकाळी लाता जारूम पाहायला गेलो. लाता म्हणजे धबधबा. हा धबधबा सरळ उडी मारत नाही, मोठमोठ्या खडकांवरून हुंदडत खाली येतो. वर एवढं दाट रान की ऊन खाली पोचेपर्यंत हिरवं होतं. पाणी थंडगार आणि इतकं स्वच्छ की मला आपली टिंगल करायची सवय थोडा वेळ बाजूला ठेवावी लागली. सिंगापूरच्या विमानतळावर काचेच्या छतातून पडणारा एक धबधबा आहे. तो रात्री रंगही बदलतो. आम्ही पाहुण्यांना तोच दाखवून आणतो. इथला पाहून दातार म्हणाले, "याला बंद करायचं बटण कुठे असेल हो?" त्यांनी ते खरंच विचारलं की गमतीने, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

खालच्या संथ पाण्यात आझमानने दुलांग (लाकडी परात) काढून दाखवली आणि सगळ्यांना एकेक दिली. पूर्वी या भागातल्या बाया अशी परात घेऊन नदीत उतरत, वाळू गोल गोल फिरवत आणि जड ते खाली बसवत. आपण तांदूळ रोवळतो तोच प्रकार. त्यामुळे आमच्या बायकांना ते पहिल्या फटक्यात जमलं आणि पुरुषांच्या पराती वाहून गेल्या. सोनं कोणालाच मिळालं नाही. उलट एकीच्या कानातली कुडी पाण्यात पडली आणि सगळ्यांनी मिळून ती शोधून काढली. या मार्गावर आम्हाला सापडलेलं खाणीतलं सोनं म्हणायचं तर तेवढंच, आणि तेही आमचंच.

धबधब्यापाशी फोनला रेंज नव्हती. आम्ही सगळे खाली वाकून पाण्यात बघत होतो आणि शिरीष एकटा हात वर करून आभाळात बघत होता. एका खडकावर, मग त्याच्याहून उंच खडकावर. "पापा, नो सिग्नल ला, कम डाउन!" इरा ओरडली. त्याने आणखी एक पाऊल वर टाकलं, शेवाळावर पाय सरकला, आणि तो डोहात पडला. आधी डोकं गेलं, मग चष्मा गेला. शेवटी पाण्याच्या वर फक्त एक हात राहिला आणि हातात कोरडा फोन.

"फोन वाचला का?" अनघा किंचाळली. मग तिच्या लक्षात आलं. "अरे, तू... तुला लागलं का?"

शिरीष पाण्यातून बाहेर आला आणि फोन शाबूत आहे असं त्याने तिला दाखवलं. सगळे हसले. मीसुद्धा हसले, कारण ते दृश्य हसण्यासारखंच होतं. अनघा मात्र एका दगडावर बसून त्याचं डोकं आपल्या ओढणीने पुसत राहिली. आधी फोन का विचारला, हे तिचं तिलाच लागलं होतं. मला तिचा राग आला नाही. मीही तेच विचारलं असतं.

परतीच्या वाटेवर तीच पामची झाडं उलट्या क्रमाने आली. प्रत्येक थांब्यावर शिरीष सगळ्यांच्या आधी उतरायचा आणि सगळ्यांच्या शेवटी चढायचा. जोहोर आलं तेव्हा ऑफिसं सुटायची वेळ झाली होती. पुलावर बस अडकली. मधोमध, खाली खाडी आणि वर लटकलेली बस. सगळ्यांच्या फोनवर "मलेशियात स्वागत आहे" आणि "सिंगापुरात स्वागत आहे" असे निरोप आळीपाळीने येऊ लागले. कोणत्याच देशाला आम्ही नक्की कुठे आहोत ते ठरवता येत नव्हतं. आणि तिथे शिरीषचा फोन वाजला.

दातार माइकमध्ये काही सांगत होते, त्यांनी माइक मांडीवर ठेवला आणि बंद करायला विसरले. त्यामुळे त्यांचा श्वास सगळ्यांना ऐकू येत होता.

"येस... येस, आय अंडरस्टँड," शिरीष म्हणाला. "नो, नो, नॉट अॅट ऑल. थँक यू. थँक यू सो मच."

नाही म्हणणाऱ्याचे इतके आभार मानलेले मी कधी ऐकले नव्हते. अनघाने इराचं डोकं मांडीवर ओढलं आणि तिची वेणी सोडून पुन्हा घालायला घेतली. चांगली घातलेली वेणी होती.

वुडलँड्सला उतरलो. आम्हा पासवाल्यांसाठी यंत्राची दारं आहेत. अंगठा ठेवा, कॅमेऱ्याकडे बघा, दार उघडतं. शिरीष माझ्यापुढे होता. त्याने अंगठा ठेवला आणि क्षणभर उगाचच श्वास रोखून उभा राहिला. दार उघडलं.

"उघडलं की," तो मागे वळून मला म्हणाला. "अजून उघडतंय."

पुढे सामान तपासायचं यंत्र होतं. दातारांचं पोतं आत गेलं आणि बाहेर यायचं थांबलं. तिथल्या तरुण पोरीने अतिशय अदबीने विचारलं, हे काय आहे. दातार म्हणाले, सोनं. तिने पुन्हा विचारलं. मग दातारांनी रघुराजापासून सुरुवात केली आणि तिने शांतपणे ऐकून घेऊन सांगितलं, "सर, झाडपाला परवान्याशिवाय आत नेता येत नाही. सॉरी. कृपया डब्यात टाका." आणि पिशव्यांतली, पर्सांतली, खिशांतली पानंसुद्धा, असं तिने उरलेल्यांनाही सांगितलं.

बाजूला एक मोठा निळा डबा होता. आम्ही ओळीने उभे राहिलो. चुरगळलेल्या ओढण्यांतल्या बायका, चुरगळलेल्या शर्टांतले पुरुष. एकेकाने मूठ उघडून राउबचं सोनं आत टाकलं. कोणी वाद घातला नाही. आम्हाला इथे वाद न घालण्याची फार चांगली सवय लागली आहे.

माझ्या पुढचा शिरीष डब्यापाशी थांबला. शर्टाच्या खिशातून त्याने एक पान काढलं. धबधब्यात भिजल्याने ते काळपट पडलं होतं. ते आत न टाकता त्याने वळून माझ्या हातावर ठेवलं.

"वहिनी, काल तुम्हाला द्यायचं राहिलं. सोनं घ्या. सोन्यासारखं राहा."

मागे रांग होती आणि ती मुलगी वाट बघत होती. मी ते पान घेतलं, कपाळाला लावलं आणि डब्यात टाकलं.

शनिवारी मंडळाचा कार्यक्रम ठरल्याप्रमाणे झाला. दातारांनी कपाटातून जुनी कार्डपेपरची पानं काढली. काहींची सोनेरी चमक निघून आतला पांढरा कागद दिसत होता. शिरीष, अनघा आणि इरा तिघंही आली होती. अनघा चार बायकांना फ्रिज आणि वॉशिंग मशीन कोणाला हवं का, असं विचारत होती, आणि त्या हवं असूनही नको म्हणत होत्या. इराने मला कार्डपेपरचं पान दिलं आणि तिचं ते पाठ वाक्य म्हटलं.

सहलीला न आलेल्या आमच्या शेजारच्या ब्लॉकमधल्या जोशीबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. निसर्ग कसा होता, जेवण कसं होतं, हॉटेल स्वच्छ होतं का, असं सगळं विचारून झाल्यावर त्यांनी डोळे मिचकावत विचारलं, "मग काय, मिळालं का सोनं?"

मी खालच्या मजल्यावरच्या माझ्या शेजाऱ्याकडे, शिरीषकडे पाहिलं. तो खुर्च्या उचलून भिंतीला लावत होता. दर वर्षी ते काम तोच करतो.

"मिळालं हो, चांगलं अस्सल," मी म्हटलं. "पण इथे ठेवून घेत नाहीत."